अर्धी गोळी

विडीच्या पानाची कात्री
गोळीसुद्धा बरोब्बर मधून कापते.
सोमवार, बुधवार, शुक्रवार आख्खी,
उरलेले दिवस अर्धी.
सुपात तंबाखू, मांडीवर पानं,
आणि कपाटाच्या आरशाला चिकटवलेला दवाखान्याचा कागद.
नऊ वर्षं मी ह्या माणसाचं रक्त
पातळ ठेवलंय.

ह्यांच्या छातीतली झडप धातूची.
रात्री साखर पेठेतले माग बंद पडले
की ऐकू येते,
उशीखाली घड्याळ ठेवावं तशी.
लग्नातलं घड्याळ केव्हाच थांबलं.
हे चालू आहे.

त्या आठवड्यात खोकला होता.
कोपऱ्यावरच्या दवाखान्यात
पाच दिवसांची पुडी बांधून दिली,
चार पांढऱ्या, एक गुलाबी.
आधीचं काय चालू आहे, कुणी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.
हे वाक्य मी वर्षभर
पानात गुंडाळते, दोरा बांधते,
परत सुटतं.

ह्यांनी बीम उचलला नव्हता.
काहीच उचललं नव्हतं.
बादलीपाशी उभे होते, आणि म्हणाले,
दोन खांद्यांच्या मधे कुणी पाचर ठोकली गं.
गुंडेटींची सून म्हणाली, उसण भरली.
मग वीट तापवून शेकली, बाम चोळला,
आणि मागच्या बोळातल्या पायाळू पोराला बोलावलं.
त्यानं लाजत लाजत
तीनदा पाय लावला पाठीला.
मी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

दुपारी चारला ह्यांनी विचारलं,
नागमणी, माझ्या पायात चप्पल आहे का, बघ.

चप्पल पायातच होती.

सिव्हिलमधली डॉक्टरीण आमच्या मुलीच्या वयाची.
म्हणाली, मणक्यांच्या पोकळीत रक्त साचलंय.
मी विचारलं, जखम कुठाय?
म्हणाली, जखम नाही. आपोआप.
तीनच्या आसपास हवा तो आकडा
आठच्या वर गेला होता.
त्या पुडीतल्या गोळ्यांची ह्या गोळीशी
जमत नव्हती म्हणे.
आता आधी रक्त घट्ट करायचं, मग पाठ उघडायची,
आणि तेवढ्यात वेळ चाललाय.
बाटलीतून शेंगतेलासारखं पिवळं काहीतरी
थेंब थेंब उतरत होतं.

हे पालथे पडल्या पडल्या तिला विचारत होते,
ताई, आतले धागे तुटलेत का दबलेत?
दबलेत, ती म्हणाली.
किती वेळ दबले, त्यावर आहे.
तुटलेल्याला गाठ मारता येते, हे म्हणाले,
चाळीस वर्षं तेच केलं.
दबलेल्याचं मला माहीत नाही.

उजवा पाय परत आला
मार्कंडेयाच्या रथाच्या दिवशी.
बाहेर ढोल, आणि अंगठा हलला.
ढोलामुळे नव्हे, मला माहीत आहे.
तरी नारळ फोडला.
डावा अजून कुठेतरी आहे.

पण त्याआधीची गोष्ट राहिली.
ऑपरेशननंतर थोड्या दिवसांनी
तीच गोळी तिनं परत लिहिली.
मी कागद हातात घेईना.
ती म्हणाली, झडपेवर गुठळी धरली
तर सरळ मेंदूत जाईल.
पाठीला घट्ट हवं, छातीला पातळ.
माणूस एकच.
कागद घेतला.

आता मी सगळ्यांना सांगते.
दात बघणाऱ्याला, मेडिकलवाल्याला,
घरी दाढी करायला येणाऱ्या पोरालासुद्धा.
तो वस्तरा अलगद धरतो.
पंधरा दिवसांनी रक्त तपासून
आकडा आरशावर लिहिते,
टिकली लावताना दिसेल असा.

आज गुरुवार. अर्धी.
कात्री लावली की चुरा उडतो,
तंबाखूत पडू नये म्हणून मी ताटली धरते,
ओल्या बोटानं टिपून तोही जिभेवर ठेवते.
पाणी पिऊन हे भिंतीला धरून उभे राहतात.
डाव्या पायात चप्पल आहे का, विचारतात.
मी खाली वाकून बघते.
मग सांगते.